पिढी थोर कशाने ठरते?

(बी. ए. भाग २)

‘पिढी’ हा शब्द आपण माणसांच्या बाबतीत वापरतो. पण व्हिडिओ गेमच्या यंत्रांनाही पिढ्या असतात. टीव्हीला जोडून खेळण्याच्या यंत्राला कन्सोल म्हणतात. दर पाच-सात वर्षांनी अधिक वेगवान कन्सोल बाजारात येतात, आणि एका काळात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या यंत्रांची मिळून एक पिढी मानली जाते. १९७२ सालच्या ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’पासून पहिली पिढी धरतात, २०२० साली आलेले ‘प्लेस्टेशन ५’ हे नवव्या पिढीतले.

या नऊ पिढ्यांत थोर कोणती, यावर मित्रमंडळींत वाद रंगतो. बहुतेकांचा कौल नव्या यंत्राला मिळतो. चित्र जितके खरे दिसेल तितकी पिढी मोठी, असा त्यांचा हिशेब. मला हा हिशेब पटत नाही. माझ्या मते, ज्या पिढीचे यंत्र शेवटच्या घरापर्यंत पोहोचते आणि त्या घरातल्या माणसालाही त्यात आपले काही घालता येते, ती पिढी थोर.

केवळ ताकदीचे काय होते ते पाहा. १९८९ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘गेम बॉय’ हे हातात धरून खेळायचे यंत्र काढले. पडदा रंगहीन, भाग जुन्या धाटणीचे. पुढच्याच वर्षी सेगा कंपनीने रंगीत पडद्याचे ‘गेम गिअर’ आणले. पण त्याचे सहा सेल काही तासांतच संपत. गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट वेळ चाले. खपात गेम बॉयने बाजी मारली. जिथे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तिथल्या माणसाला यामागचे कारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता तिसऱ्या पिढीकडे वळू. १९८३ साली अमेरिकेत निकृष्ट खेळांचा सुळसुळाट होऊन हा सारा धंदाच कोसळला. त्याच वर्षी जुलैत निन्टेन्डोने जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ विकायला काढले. त्याच्या मुख्य चिपची मूळ रचना १९७५ सालची, आणि काम करायला स्मृती अवघी २ किलोबाइट. पुढे १९८५ साली आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा सबंध खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवला आहे. आज मोबाइलवर येणारा साधा फोटोही याहून जास्त जागा खातो. जागा पुरावी म्हणून कारागिरांनी काय केले? या खेळातले आकाशातील ढग आणि जमिनीवरचे झुडूप हे एकच चित्र आहे. केवळ रंग बदलला आहे. तीन वर्षांनी याच यंत्रावर तिसरा मारिओ आला, तो पहिल्याहून किती तरी मोठा. यंत्र तेच होते. कॅसेटमध्ये जादा चिप होती आणि करणाऱ्यांचा हात बसला होता. थोर पिढीत यंत्र फारसे बदलत नाही, माणसे तयार होतात.

भारतात हे यंत्र ‘समुराई’ या नावाने आले; पण गावोगाव पोहोचल्या त्या त्याच्या स्वस्त नकला. फॅमिकॉमचा सारा पसारा पुढे एकाच चिपमध्ये मावू लागला, तेव्हा नक्कल खेळण्याच्या भावात मिळू लागली. टीव्हीच्या अँटेनाच्या जागी वायर खोचली की झाले. मूळ यंत्राचे उत्पादन जपानमध्ये २००३ साली थांबले, आणि मोहर्लीत आमच्या घरी ते त्यानंतर पोहोचले. माझ्या चुलतभावाने चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेतून ते आणले, तेव्हा मी पहिलीत होते. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असे छापले होते; आत तेच दहा-बारा खेळ पुन्हा पुन्हा. तरी अर्ध्या गावचे पोट्टे आमच्या ओसरीवर!

सर्वांना हवी असे ती बदके मारायची बंदूक. आमचे गाव ताडोबाच्या दाराशी. इरई धरणाच्या पाण्यावर खरी बदके उतरतात, पण त्यांच्याकडे दगड भिरकावला तरी घरचे रागावतात. पडद्यावर मात्र मोकळीक! या बंदुकीतून काहीच सुटत नाही. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो. त्याला काळ्यानंतर पांढरे दिसले, की नेम लागला. म्हणजे गोळी टीव्हीकडे जात नाही, प्रकाशच बंदुकीकडे येतो. आजच्या चपट्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते, म्हणून ही बंदूक तिथे आंधळी ठरते.

कोणी म्हणेल, नकला म्हणजे चोरीच. आमच्या ओसरीतून मूळ कारागिरांना एक पैसाही मिळाला नाही. हे खरे आहे, आणि नाकारण्यासारखे नाही. म्हणूनच केवळ पोहोचणे मी पुरेसे मानत नाही.

दुसरी कसोटी सहाव्या पिढीतल्या ‘प्लेस्टेशन २’ने पार केली. २००० साली आलेल्या या यंत्राचे १५ कोटींहून अधिक नग खपले. त्यावर डीव्हीडी सिनेमेही दिसत, त्यामुळे घरातील मोठ्यांची संमती मिळे. २००६ साली प्लेस्टेशन ३ आले आणि श्रीमंत देश पुढे गेले. पण हे जुने यंत्र आपल्याकडे खपतच राहिले. त्याचे गुणदोष एव्हाना सर्वांना ठाऊक झाले होते. २००९ साली हैदराबादच्या कारागिरांनी त्यावर ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आणि कबड्डी, विटीदांडूंचा ‘देसी अड्डा’ काढला, २०१० साली मुंबईच्या ट्राइन गेम्सने गल्लीतले क्रिकेट आणले. हे खेळ जगात गाजले नाहीत. पण तोवर आपण दुसऱ्यांचे खेळ खेळत होतो. आता आपला खेळ पडद्यावर होता.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. उशिरा येणाऱ्याला मागच्यांनी वापरून जुने केलेले मिळते, हे मला ठाऊक आहे. पण जुने झालेलेही शिकायला पुरते, आणि शिकलेला पुढे स्वतःचे करू शकतो. मला तिसरी आणि सहावी पिढी थोर वाटते ती यासाठी.

प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ साली आले, किंमत ४९,९९० रुपये. नववी पिढी थोर की नाही, हे ती मोहर्लीच्या ओसरीवर पोहोचली म्हणजे सांगेन.