कामावरचे शिक्षण आणि संगणक

इंदूरच्या कापड गिरण्यांत एके काळी नव्या कामगाराचे शिक्षण मागावरच होत असे. अनुभवी कामगाराशेजारी उभे राहावयाचे, तुटलेला धागा तो कसा सांधतो हे पाहावयाचे आणि हळूहळू आपला हात बसवावयाचा, अशी ती रीत होती. परंतु शेजारी जाणता माणूस नसेल, तर शिक्षणही खुंटत असे. संगणकाने ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली आहे.

याच इंदूरमध्ये सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्र शासनाची संस्था आहे. अशीच संस्था छत्रपती संभाजीनगर येथेही आहे. साचे व डाय तयार करणे आणि त्या कामाचे प्रशिक्षण देणे, हे या संस्थांचे कार्य होय. अशा प्रशिक्षणात सीएनसी यंत्राला महत्त्वाचे स्थान असते. हे यंत्र संगणकाच्या आज्ञावलीनुसार चालते. टूल कोठून कोठे जावे व किती वेगाने जावे, हे अक्षरे व अंक यांच्या संकेतांत आधी लिहावे लागते. ही आज्ञावली प्रथम पडद्यावर चालवून पाहता येते. एखादा अंक चुकल्यास तो तेथेच दुरुस्त होतो. तीच चूक प्रत्यक्ष यंत्रावर झाली, तर टूल मोडते, धातू वाया जातो आणि प्रसंगी इजाही होते.

तथापि, जॉब पक्का बसला आहे किंवा नाही, कापताना येणारा आवाज नेहमीचा आहे की टूल बोथट झाले आहे, हे यंत्रापाशीच आणि जाणत्या माणसाच्या सोबतीनेच कळते.

शासकीय सेवेतही हा बदल झाला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२० रोजी ‘मिशन कर्मयोगी’ या कार्यक्रमास मान्यता दिली. त्यातील ‘आयगॉट’ या व्यवस्थेद्वारे कर्मचाऱ्यास आपल्या कामाशी संबंधित अभ्यासक्रम भ्रमणध्वनीवरही पूर्ण करता येतो. शिक्षकांसाठी ‘दीक्षा’ ही व्यवस्था २०१७ मध्ये सुरू झाली. सुमारे ४२ लाख शिक्षकांना प्रशिक्षित करण्याचे उद्दिष्ट ठेवून ऑगस्ट २०१९ मध्ये आरंभलेला ‘निष्ठा’ कार्यक्रम, कोरोनाच्या साथीमुळे ऑक्टोबर २०२० पासून ‘दीक्षा’वर आणण्यात आला. पूर्वी राज्यस्तरावर दिलेले धडे जिल्हा व तालुक्यामार्गे शाळेपर्यंत येईतो पातळ होत असत. आता मूळ धडा दुर्गम गावातील शिक्षकालाही थेट ऐकता येतो व न समजल्यास पुन्हा ऐकता येतो.

सोय वाढली, तशी एक नवी जोखीमही आली आहे. एकीकडे चित्रफीत चालू ठेवून दुसरीकडे टपालाचा निपटारा करता येतो आणि शेवटी प्रमाणपत्रही हाती पडते. परंतु प्रमाणपत्रामुळे अभ्यासक्रम संपल्याचे सिद्ध होते, काम येऊ लागल्याचे नव्हे. त्याची किंमत चुकीचा दाखला मिळालेल्या ग्रामस्थाला किंवा न समजलेला धडा ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला मोजावी लागते.

म्हणून कार्यालयप्रमुखांनी व मुख्याध्यापकांनी प्रशिक्षणासाठी कामाच्या वेळेतच ठरावीक तास राखून ठेवणे इष्ट ठरेल. धडा पाहून झाल्यावर सहकाऱ्यांनी एकत्र बसून शंका मांडाव्यात आणि शिकलेली एक तरी गोष्ट त्याच आठवड्यात प्रत्यक्ष करून पाहावी. ग्रामस्थांनीही मुलामुलींना तांत्रिक अभ्यासक्रमास घालताना तेथे किती संगणक आहेत एवढेच न विचारता, यंत्रावर स्वतः काम करावयास किती तास मिळतात, हे अवश्य विचारावे.