शून्यातून आलेली गंगाजळी

23 ऑगस्ट 2021, सोमवार. झांबियाच्या खात्यात त्या दिवशी सुमारे 133 कोटी डॉलर किमतीची भर पडली. नोटांच्या पेट्या उतरल्या नाहीत, सोन्याची एक वीट जागची हलली नाही. वॉशिंग्टनमधल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या वहीत एक आकडा मांडला गेला, बस्स. नऊ महिन्यांपूर्वी याच देशाला परदेशी रोख्यांचं व्याज भरता आलं नव्हतं. आता त्याची परकीय गंगाजळी जवळपास दुप्पट झाली.

त्या आकड्याचं नाव एसडीआर, म्हणजे विशेष आहरण अधिकार. नाव ऐकून जांभई यावी, पण चीज अजब आहे! 1969 साली नाणेनिधीने ती जन्माला घातली तेव्हा एका एसडीआरची किंमत 0.888671 ग्रॅम सोनं, म्हणजे तेव्हाचा एक डॉलर, अशी धरली होती. आज ती डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड यांच्या मिश्रणावरून ठरते. एसडीआर देऊन बाजारात कोथिंबिरीची जुडीही मिळणार नाही. औषधं आयात करायची तर दुसऱ्या एखाद्या देशाला एसडीआर द्यायचे आणि त्याच्याकडून डॉलर घ्यायचे. जेवढे खर्च केले तेवढ्यावर व्याज लागतं. मुद्दल फेडायची मात्र मुदतच नाही.

करोनाने खिळखिळ्या झालेल्या जगासाठी त्या दिवशी असे 65,000 कोटी डॉलर निर्माण झाले. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाने आपल्या वाट्यातली सुमारे निम्मी रक्कम देशातल्या 145 ग्रामीण विभागांत शाळा आणि दवाखाने बांधायच्या कार्यक्रमाला लावली. वहीतल्या आकड्याच्या अशा विटा झाल्या, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

पंगतीतलं वाढप मात्र भूक पाहून नव्हतं. नाणेनिधीत ज्याचा हिस्सा मोठा, त्याच्या पानात जास्त. आफ्रिकेतल्या 54 देशांना मिळून सुमारे 3,300 कोटी डॉलर आले. एकट्या अमेरिकेला त्याच्या तिपटीहून अधिक, आणि तिला तर भूकही नव्हती. आपल्या भारताला सुमारे 1,786 कोटी, म्हणजे अख्ख्या आफ्रिकेच्या निम्म्याहून जास्त. त्यातच 2021 मध्ये 0.05 टक्के असलेला व्याजदर 2023 मध्ये 4 टक्क्यांच्या वर गेला.

मग श्रीमंतांनी पडून असलेले 10,000 कोटी डॉलरचे एसडीआर गरजूंसाठी उसने द्यावेत, असं ठरलं. उसनेच, दान नव्हे. नव्याने वाटप करायचं तर नाणेनिधीत 85 टक्के मतं लागतात. एकूण मतांपैकी 16 टक्क्यांहून अधिक एकट्या अमेरिकेच्या हातात आहेत.