दाढेच्या मुळाशी लाल उजेड

असोद्यात भरिताची वांगी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला फळ पोखरणारी अळी समजावून सांगावी लागत नाही. ती एकदा वांग्यात शिरली, की वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. दाढेचं रूट कॅनाल, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट ‘नस काढणं’ म्हणतात, ते करताना दंतवैद्यापुढे नेमकी हीच अडचण असते.

दाताच्या मुळातली नळी वाकते, तिला फाटे फुटतात, दोन नळ्यांच्या मध्ये चिंचोळ्या फटी राहतात. फाईल नावाच्या बारीक सुया फिरवून ती कितीही खरवडली, तरी भिंतीच्या बऱ्याच भागाला सुई शिवतच नाही. शिवाय ही भिंतही भरीव नसते. तिच्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या नलिका असतात. नसेजवळ त्यांची रुंदी २ ते ३ मायक्रॉन भरते. एन्टेरोकोकस फीकॅलिस हा जंतू साधारण १ मायक्रॉनचा, त्यामुळे तो तिथे आरामात शिरतो. रूट कॅनाल होऊनही पुन्हा दुखू लागलेल्या दाढांमध्ये तो वारंवार सापडतो. उपासमार सोसतो, चिकट थर करून राहतो आणि नळीत भरून ठेवलेल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडलाही दाद देत नाही.

दाढ ठणकायला लागली की मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, ही आपल्याकडची सवय. सूज उतरते, माणूस पुन्हा शेताच्या कामाला लागतो आणि दाढ विसरतो. पण नस मेली की दाताच्या आतला रक्तपुरवठा थांबतो. गोळीतलं औषध रक्तातून येणार, ते नळीतल्या जंतूंपर्यंत पोचणार कसं? हे जंतू आतूनच धुऊन काढावे लागतात. १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दातांची नस उघडी पाडून पाहिली. साध्या उंदरांची नस सडली. जंतूविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांची मात्र बरी झाली. दुखण्याचं मूळ जंतूच, यात त्यानंतर शंका उरली नाही.

धुण्यासाठी मुख्य औषध सोडियम हायपोक्लोराइट. पहिल्या महायुद्धात जखमा धुण्यासाठी त्याचंच सौम्य द्रावण वापरलं गेलं होतं. ते जंतू मारतं आणि मेलेली नसही विरघळवतं. पण नलिकांमध्ये फार खोल जात नाही. तिथे मदतीला येतो प्रकाश.

ही कल्पना सव्वाशे वर्षांची आहे. म्युनिकमध्ये हेर्मान फॉन टाप्पायनर यांच्या हाताखाली ऑस्कर राब हा विद्यार्थी ॲक्रिडीन रंगाचा पॅरामिशियम या एकपेशीय जीवांवर काय परिणाम होतो ते पाहत होता. तोच रंग, तेवढाच रंग, तरी जीव कधी पटकन मरत, कधी बराच वेळ जगत. राबने शोध घेतला तेव्हा फरक उजेडाचा निघाला. एकटा रंग किंवा एकटा उजेड तेवढं करू शकत नव्हता. हे निरीक्षण १९०० साली प्रसिद्ध झालं. आपल्याकडे कोडावर बावची लावून उन्हात बसवण्याचा उपाय त्याहून कितीतरी जुना. त्यातली रासायनिक क्रिया वेगळी आहे, पण औषध आणि ऊन दोन्ही लागतात, ही जाण तीच.

दाढेसाठी बहुधा मिथिलीन ब्लू वापरतात. थुंकीतला क्षयाचा जंतू शोधताना प्रयोगशाळेत काचपट्टीवर टाकतात तोच हा निळा रंग. त्याच्या रेणूंवर धन विद्युतभार असतो आणि जंतूंचं आवरण ऋणभारित असतं, म्हणून तो त्यांना चटकन चिकटतो. आधी नळी खरवडून, धुऊन घेतात. हायपोक्लोराइटचा अंश राहिला तर रंगच फिका पडतो, म्हणून तोही काढून टाकतात. मग रंग भरून काही मिनिटं थांबतात आणि केसासारखी बारीक प्रकाशवाहिनी मुळात उतरवून सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल लेझर-उजेड सोडतात. हा उजेड जाळत नाही. रंगाचे रेणू त्याची ऊर्जा शोषतात आणि शेजारच्या ऑक्सिजनला देतात. असा चेतलेला ऑक्सिजन पाण्यात सेकंदाच्या काही दशलक्षांशच टिकतो, पण तेवढ्यात जंतूचं आवरण, प्रथिनं, जनुकीय द्रव्य, जे हाताशी येईल ते मोडतो. एकाच वेळी इतक्या ठिकाणी घाव बसत असल्याने, अँटिबायोटिकला सरावतात तसं जंतूंना याला सरावणं अवघड जातं.

पण मर्यादाही याच साखळीत आहेत. मुळाच्या टोकाशी ऑक्सिजन कमी असतो. रंग जास्त दाट झाला तर तोच उजेड अडवतो, आणि नीट धुतला नाही तर दात निळसर दिसतो. नेहमीच्या स्वच्छतेला याची जोड दिली की जंतू आणखी घटतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. दाढ वर्षानुवर्षं टिकण्यात त्याने किती फरक पडतो, याचा पुरावा अजून तोकडा आहे. म्हणून ‘लेझरने रूट कॅनाल’ अशी पाटी पाहून हुरळून जाऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. थुंकी आत जाऊ नये म्हणून दाताभोवती रबर डॅम लावणार का, आणि सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा एक्स-रे काढून पाहणार का, हे आधी विचारावं.

आणखी एक. ठणका थांबला की पुष्कळ जण कॅप बसवायला जातच नाहीत. कापूस वेचणीचे दिवस असतात, पैशांचीही ओढाताण असते. पण वरचं तात्पुरतं सिमेंट झिजलं किंवा दाढेला तडा गेला, की थुंकीबरोबर जंतू पुन्हा त्याच नळीत उतरतात. मग नळी उघडून सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं, नाहीतर दाढ उपटावी लागते.