एकदा तरलेला पुन्हा बुडतो काय?

केंब्रिज म्हटले की आम्हा शिक्षकांना न्यूटन आठवतो. पण त्याच्याही आधी, 29 एप्रिल 1595 रोजी, कीज कॉलेजातील विल्यम बॅरेटने एका प्रवचनाने ते विद्यापीठ ढवळून काढले. आपला उद्धार पक्काच, असे मानणे हा गर्व होय, हे त्याचे म्हणणे. विद्यापीठाने 10 मे रोजी त्याला ते जाहीरपणे मागे घ्यायला लावले.

वाचकहो, दक्षिणेतील श्रीवैष्णवांतही असाच वाद आहे. माकडिणीचे पिल्लू आईला स्वतः बिलगते. मांजरीच्या पिल्लाला आईच तोंडात धरते. केंब्रिजच्या प्राध्यापक व्हिटेकरांचा कौल मांजरीकडे : देवाने निवडलेला कायमचा सुटत नाही. मग जो सुटला तो? तो मुळी धरलेलाच नव्हता! हे उत्तर आम्हाला फार कठोर वाटते. मरणाच्या दारी असलेल्याने आपण धरलेले आहोत हे ओळखावे तरी कसे?

याच प्रश्नावर केंब्रिजच्याच विल्यम पर्किन्सने 1592 मध्ये पुस्तक लिहिले होते. विश्वासाची नुसती खरी ओढ लागली तरी ती कृपेची खूण, असा दिलासा तो देई.

नोव्हेंबर 1595 मध्ये लँबेथ येथे व्हिटेकरांच्या बाजूची नऊ कलमे ठरली. एलिझाबेथ राणीला ती रुचली नाहीत, म्हणून ती तशीच राहिली. बॅरेट मात्र देश सोडून गेला आणि कॅथलिक झाला.