गुळवेल: किती, कधी आणि कोणी

मे महिना लागला की गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलात तेंदूपत्त्याची तोडणी सुरू होते. पहाटे निघालेली माणसं ऊन चढायच्या आत भारे घेऊन परततात आणि घरच्या सावलीत पानं मोजून पुडके बांधत बसतात. गुळवेल काढायचा काळही नेमका हाच. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपिया म्हणजे औषधी वनस्पतींची अधिकृत मानकं ठरवणारा ग्रंथ. गुळवेलीचं जून खोड उन्हाळ्यात, शक्यतो मे महिन्यात गोळा करावं आणि वाळवून किंवा ताजं वापरावं, असं त्यात नमूद आहे. मात्राही तिथंच दिलेली आहे: चूर्ण ३ ते ६ ग्रॅम, काढ्यासाठी खोड २० ते ३० ग्रॅम.

म्हणजे कोणता भाग, कोणत्या ऋतूत, किती, हे सगळं ठरलेलं होतं. वैद्य नाडी बघून त्यात ‘कोणाला’ आणि ‘किती दिवस’ याची भर घालत. गोंदिया जिल्ह्यातल्या जाणत्या माणसांचा व्यवहारही असाच होता. ताप उतरेना, तर कडुनिंबावर चढलेल्या वेलीचं वीतभर खोड ठेचायचं, पाण्यात उकळून चौथाई उरवायचं आणि दोन-चार दिवस द्यायचं. ताप गेला की काढा बंद. गुळवेल ही घरात वर्षभर रोज घ्यायची वस्तू नव्हती. तिचं माप आणि मुदत सुटली तिथून आजचा प्रश्न सुरू होतो, आणि ती सुटून फार वर्षं झालेली नाहीत.

२०२० साली कोरोना आला आणि ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द घराघरात पोचला. आयुष मंत्रालयाने त्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलेल्या उपचार-नियमावलीत गुळवेलीची घनवटी, म्हणजे घट्ट अर्काची गोळी होती: ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पंधरा दिवस किंवा महिनाभर. लोकांनी गुळवेल लक्षात ठेवली, मुदत विसरली. कुंपणावरची वेल ओरबाडून सकाळी रस, संध्याकाळी काढा, वर बाजारातली गोळी असं महिनोन् महिने चाललं. मागणी इतकी वाढली की ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या आदिवासी संस्थेकडे मोठ्या औषध कंपन्यांनी ३५० टन गुळवेल मागितली. वनउपज गोळा करणाऱ्या कुटुंबांना त्यातून चार पैसे मिळाले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण खाणाऱ्यांच्या पोटात काय चाललंय, याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

ते लक्ष मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी वेधलं. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत डॉ. आभा नागराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे सहा रुग्ण आले. सगळ्यांना कावीळ किंवा यकृताला सूज होती, आणि सगळे गुळवेल घेत होते. यकृताच्या तुकड्याची तपासणी केल्यावर जे दिसलं ते ‘ऑटोइम्यून हेपॅटायटिस’शी मिळतंजुळतं होतं. या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच यकृतावर चाल करून जाते. काहींना आधीपासून यकृताचा सुप्त विकार होता, काहींना थायरॉइडसारख्या तक्रारी. सहापैकी एकाचा मृत्यू झाला. २०२१ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यावर गदारोळ उठला. पुढच्याच वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांमधल्या डॉक्टरांनी अशा ४३ रुग्णांची माहिती एकत्र करून छापली.

आयुष मंत्रालयाने मुंबईचा अहवाल फेटाळला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेल होती याची खातरजमा झालेली नाही, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल असू शकते, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. गुळवेलीचं शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, आणि तिची ही बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा. क्रिस्पामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आधीपासून आहेत.

दोघींत फरक कसा करायचा? मंत्रालयाने सांगितलेल्या खुणांनुसार गुळवेलीचं खोड हिरवट असतं, त्यावर गाठी नसतात आणि चीक निघत नाही. क्रिस्पाचं खोड राखाडी, त्यावर चामखिळीसारख्या बारीक गाठींची गर्दी, आणि कापल्यावर दुधासारखा चीक. गुळवेलीची फळं गोल आणि लाल, क्रिस्पाची लांबट आणि नारिंगी. पानं दोघींची हृदयाच्या आकाराची, चव दोघींची कडू. त्यातच जून गुळवेलीची पातळ साल सुटते तेव्हा तिच्यावरही बारीक ठिपके उठून दिसतात. वर्षानुवर्षं जंगलात वावरलेल्या माणसाला वेल हाताळून कळतं. यूट्यूब पाहून कुंपणापाशी गेलेल्याला ते कळेलच असं नाही. वाळवून तुकडे केले आणि चूर्ण झालं, की जाणत्यालाही नुसत्या नजरेनं काही सांगता येत नाही.

म्हणून ‘खरी गुळवेल निर्धोक आहे’ हे उत्तर ग्राहकाच्या फारसं कामाचं नाही. हातातली पुडी खरी आहे की नाही हे त्याला ठाऊक नसतं. खरी असली तरी तिचं रोजचं, बेमुदत सेवन पूर्वी रूढ नव्हतं. तेव्हा परंपरेचा दाखला परंपरेतल्या मापापुरताच लागू होतो. घनवटीचं तर आणखी वेगळं. काढा आटवून घट्ट केलेला तो अर्क असतो. एवढ्याशा गोळीत किती खोड गेलं, याचा अंदाज खाणाऱ्याला येत नाही.

धोका सगळ्यांना सारखा नाही. बहुतेकांना थोडे दिवस घेऊन काहीच होत नाही, आणि म्हणूनच ज्यांना होतं त्यांच्यावर विश्वास ठेवायला लोक तयार नसतात. थायरॉइडचा ऑटोइम्यून विकार, संधिवात, ल्युपस, सोरायसिस असणाऱ्यांची संरक्षण यंत्रणा आधीच बिथरलेली असते. तिला आणखी चेतवणारं औषध त्यांनी टाळावं. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांना तर ती यंत्रणा दाबून ठेवण्यासाठीच गोळ्या दिलेल्या असतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर गुळवेलीने आणखी खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी ती सुरक्षित असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. दारूने किंवा हेपॅटायटिस बीने आतून पोखरलेलं यकृत वर्षानुवर्षं कुरकुरत नाही, त्यामुळे ‘मला काही आजार नाही’ या खात्रीवरही फार विसंबता येत नाही.

गोंदियासारख्या जिल्ह्यात याला आणखी तीन पदर आहेत, आणि मुंबईच्या अहवालापेक्षा इथल्या माणसाला तेच जास्त जवळचे आहेत.

पहिला मलेरियाचा. पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात आणि त्यानंतर ताप येतो तेव्हा तो फाल्सिपॅरम मलेरिया असू शकतो, आणि हा मलेरिया काही दिवसांत मेंदूपर्यंत पोचू शकतो. आशाताईकडच्या किटवर बोटातल्या रक्ताच्या थेंबाने पंधरा-वीस मिनिटांत निदान होतं. ताप उतरेल म्हणून काढ्यावर घालवलेले दोन दिवस इथं फार महाग पडतात.

दुसरा सिकलसेलचा. विदर्भात या आजाराचं प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांत गोंदिया येतो. निरोगी माणसाची तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, सिकलसेलच्या रुग्णाची १० ते २० दिवस. पेशी सतत फुटत राहतात आणि डोळे पिवळट दिसतात. घरच्यांना वाटतं कावीळ झाली, मग झाडपाल्याचं औषध सुरू होतं. तो पिवळेपणा रक्ताचा आहे, यकृताचा नाही. पण झाडपाल्याने खरोखरच यकृत दुखावलं, तर कुठला पिवळा रंग कशाचा, हे ओळखायला डॉक्टरांनाही वेळ लागतो.

तिसरा क्षयरोगाचा. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही क्षयाची औषधं जीव वाचवतात, पण यकृतावर त्यांचा ताण पडतो. त्यांच्या जोडीला ताकद यावी म्हणून गुळवेल घेतली आणि कावीळ झाली, तर दोष कोणाचा हे कळत नाही. खबरदारी म्हणून क्षयाच्या गोळ्याच थांबवाव्या लागतात. अर्धवट राहिलेला क्षय घरातल्या लेकराबाळांपर्यंत पोचतो.

हे सगळं वाचून कोणी कुंपणावरची वेल उपटून टाकावी असं नाही. गुळवेल घ्यायचीच असेल तर नोंदणीकृत वैद्याला विचारून, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवून, ठरावीक दिवसांसाठी घ्यावी. विकतची असेल तर डब्यावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची मात्रा आणि उत्पादकाचा पत्ता हवा. चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक असेल तर ती वस्तू अन्न म्हणून परवाना मिळवलेली आहे, औषध म्हणून नव्हे. आठवडी बाजारातल्या किंवा जत्रेतल्या सुट्या पुडीवर यातलं काहीच नसतं.

आणि घेताना भूक मेली, मळमळ होऊ लागली, उजव्या बरगडीखाली जड वाटलं, लघवी गर्द पिवळी झाली, अंगाला खाज सुटली किंवा डोळे पिवळे झाले, तर त्या क्षणी घेणं थांबवायचं. बिलिरुबिन, एसजीओटी आणि एसजीपीटी या रक्ताच्या तपासण्या करून घ्यायच्या. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाताना उरलेलं खोड, पुडी, डबा सोबत न्यायचा, कारण वेल कोणती होती याचा तपास त्यावरूनच लागतो. वेळेत थांबवल्यावर बहुतेकांचं यकृत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतं, काहींना स्टेरॉइड द्यावं लागतं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करायला १८००-१८०-३०२४ हा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक स्वतःही तिथं कळवू शकतात. डॉक्टरांनी ‘कुठली औषधं चालू आहेत?’ असं विचारलं, की लोक फक्त दवाखान्यातल्या गोळ्या सांगतात. तेव्हा काढा, रस, चूर्ण, सगळं सांगायचं, न विचारता.