न दिसलेल्या माशीचा पुरावा

कीटक दिसला नाही म्हणजे तो संपला असं होत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. पण डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९९४मध्ये निवृत्त झालेल्या रॉबिन थॉर्प यांचं काम नेमकं इथेच मोलाचं ठरतं. पाठीवर पिवळ्या केसांचा उलटा ‘यू’ असलेली फ्रँकलिन बंबलबी ते १९९८पासून दक्षिण ओरेगॉन आणि उत्तर कॅलिफोर्नियातल्या कुरणांत वर्षानुवर्षं शोधत राहिले. सुरुवातीला ती सहज सापडे. २००६च्या ऑगस्टमध्ये माउंट अ‍ॅशलंडवर एकच कामकरी माशी दिसली, नंतर एकही नाही. कीटकांची संख्या वर-खाली होतेच. पण त्याच कुरणांत इतर बंबलबी सापडत होत्या, म्हणजे शोधण्यात कसूर नव्हती. पाळीव बंबलबींमधून पसरलेल्या रोगामुळे ती नाहीशी झाली असावी, हा थॉर्प यांचा तर्क मात्र अजून सिद्ध झालेला नाही. थॉर्प २०१९मध्ये गेले. २०२१मध्ये अमेरिकेने या माशीला कायद्याने संकटग्रस्त ठरवलं.