सामाजिक भीतीची रेणवीय यंत्रणा : ऑक्सिटोसिनची दुहेरी भूमिका

उत्तर ठाऊक असूनही तोंडी परीक्षेत गप्प राहणारा विद्यार्थी आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यास 'बुजरा' म्हणून आपण मोकळे होतो. परंतु स्वजातीयांची भीती ही केवळ स्वभावाची बाब नसून तिला मेंदूत रेणूंच्या पातळीवर आधार असतो, हे प्राण्यांवरील प्रयोगांतून स्पष्ट होत आहे. प्रस्तुत लेखात त्यांपैकी ऑक्सिटोसिन या एकाच संप्रेरकाचा विचार केला आहे.

ऑक्सिटोसिन हे नऊ अमिनो आम्लांचे, हायपोथॅलॅमसमध्ये तयार होणारे पेप्टाइड होय. प्रसूतीच्या वेणा वाढविण्यासाठी त्याचा वापर सर्वपरिचित आहे. लोकप्रिय लेखनात त्यास 'प्रेमाचे संप्रेरक' म्हटले जाते. हे विशेषण फसवे आहे.

जर्मनीतील रेगेन्सबुर्ग विद्यापीठात इंगा न्यूमान यांच्या गटाने सामाजिक भीतीचे एक प्रारूप विकसित केले. उंदीर दुसऱ्या उंदरास हुंगू लागताच त्याच्या पायांना विजेचा सौम्य झटका दिला जातो. त्यानंतर तो अनोळखी उंदरांनाही टाळू लागतो. अशा उंदरांच्या पार्श्व सेप्टम या भागात ऑक्सिटोसिनच्या ग्राहींचे बंधन वाढलेले, परंतु अन्य उंदीर समोर आल्यावर होणारा ऑक्सिटोसिनचा स्राव मात्र मंदावलेला आढळला (२०१४). म्हणजे दार उघडे आहे, पण येणारा पाहुणाच नाही. त्याच भागात ऑक्सिटोसिन सोडले असता भीती नाहीशी झाली.

येथवर चित्र सरळ आहे. मात्र २०१३ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांना त्याच पार्श्व सेप्टममध्ये उलट परिणाम दिसला. बलवान उंदराकडून पराभूत झालेल्या उंदरांत हेच ग्राही पुढील प्रसंगीची भीती वाढवीत होते. ग्राही कमी केल्यास ही वाढ होत नसे. ग्राही उद्दीपित झाल्यावर पेशीतील कॅल्शियम वाढते व ईआरके हे किनेज कार्यान्वित होते. स्मृती दृढ होण्यात या किनेजचा वाटा असतो. याच गटाच्या पुढील कामात, सुखद सहवासानंतर हेच ग्राही भीती कमी करतात, असे दिसून आले. प्रस्तुत लेखिकेच्या मते या विसंगतीचा उलगडा येथेच आहे : ऑक्सिटोसिन भीती वा प्रेम निर्माण करीत नाही, ते सामाजिक अनुभवाची स्मृती गडद करते, मग तो अनुभव कसाही असो.

मानवी उपचारांतही म्हणूनच सरळ यश आलेले नाही. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात सामाजिक चिंताविकार असलेल्या पुरुषांना उपचारसत्रांपूर्वी नाकावाटे ऑक्सिटोसिन देण्यात आले. स्वतःच्या भाषणाविषयीचे त्यांचे मत सुधारले, परंतु उपचारांच्या अंतिम फलितात औषध न मिळालेल्या गटापेक्षा अधिक लाभ आढळला नाही.